निर्धोक निद्रेचा शोध : झोपेच्या गोळीचा दीडशे वर्षांचा इतिहास

उत्तर दिल्लीत, विद्यापीठापासून जवळच, टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. दिल्लीकरांच्या लेखी ते बसच्या पाटीवरचे एक नाव. कोल्हापूरकडचा माणूस मात्र ते वाचून थबकतो. हे हिंदूराव म्हणजे कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. टेकडीवरची हवेली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची. १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर ती हिंदूरावांकडे आली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १८५७ च्या वेढ्यात तिच्यावर तोफगोळ्यांचा मारा झाला. पुढे तिथे रुग्णालय उभे राहिले, नाव तेवढे टिकले.

माझी मावशी कागलची. गेल्या हिवाळ्यात ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. आपल्या गावच्या माणसाचे नाव दिल्लीतल्या दवाखान्याला आहे, याचे तिला भारी कौतुक वाटले. आठव्या दिवशी संध्याकाळी तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली आणि म्हणाली, "एवढी आणून दे रे. रात्रीला लागते." गोळी अल्प्राझोलामची, अर्ध्या मिलिग्रॅमची. हिंदूरावच्या परिसरातल्या औषधविक्रेत्याने पट्टी पाहिली, परत केली आणि एकच शब्द उच्चारला : "पर्चा?"

पर्चा, म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी, आमच्याकडे नव्हती. मावशीला ती मिळाली होती आठ वर्षांपूर्वी, काका गेले तेव्हा, पंधरा दिवसांपुरती. पुढची आठ वर्षे गावाकडे ओळखीच्या दुकानातून पट्टी न विचारता मिळत राहिली. मी रिकाम्या हाताने परतलो आणि स्वतःच्या शहाणपणावर विसंबून म्हणालो, "मावशी, दोन रात्री नाही घेतलीस म्हणून काय बिघडतं?" बरेच बिघडले. दुसऱ्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही, हात थरथरू लागले, घाम सुटला, छातीत धडधड वाढली. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एका दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी शांतपणे तीन प्रश्न विचारले. किती वर्षे घेता? कधी थांबवलीत? मधल्या काळात कधी पडलात का? मावशी आदल्या वर्षी पहाटे न्हाणीघरात पडली होती, मनगट मोडले होते. त्या पडण्याचा आणि गोळीचा संबंध तोवर आमच्यापैकी कोणीही जोडला नव्हता.

घरी परतताना मावशीने मला जो प्रश्न विचारला, त्यातून हा लेख निघाला. "गोळी वाईट होती तर डॉक्टरांनी दिलीच कशाला? आणि चांगली होती तर दुकानदार नाही कसा म्हणाला?"

मी पदार्थविज्ञानाचा संशोधक आहे, वैद्यकाचा नव्हे. त्यामुळे कोणाला उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु मावशीच्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकापेक्षाही इतिहासात अधिक स्पष्ट सापडते. गेल्या दीडशे वर्षांत झोपेचे प्रत्येक नवे औषध 'आधीच्यापेक्षा निर्धोक' म्हणून बाजारात आले. बहुतेक वेळा ते म्हणणे काही अंशी खरेही होते. उरलेला अंश मात्र रुग्णांच्या पिढ्यांनी आपल्या शरीराची किंमत मोजून उघड केला. औषधविक्रेत्याने मागितलेली चिठ्ठी म्हणजे त्या मोजलेल्या किमतीची नोंद होय.

बाळागोळीचे दिवस

रसायनशाळेतून झोप येण्याआधी ती अफूतून येत असे, आणि या कथेतला सर्वांत करुण अध्याय आपल्या मुंबईत घडला आहे. १९२०च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांची नेमणूक केली. त्यांच्या अहवालातील एक आकडा तेव्हापासून वारंवार उद्धृत होत आला आहे : या कामगार स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. ती द्यायची रीत म्हणजे 'बाळागोळी'. आई दिवसभर साच्यावर, चाळीतल्या एका खोलीत कोंदट अंधार, सांभाळायला कोणी नाही. मूल भुकेने रडू नये, निजून राहावे, म्हणून अफूची चिमुकली गोळी.

त्या मातांना दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. मूल शांत निजलेले दिसे, आणि त्यांच्यापुरता तोच गोळीचा पुरावा होता. अफूतील मॉर्फिन मेंदूतल्या श्वसनाचे नियमन करणाऱ्या केंद्रालाही मंदावते, मूल दूध कमी पिते, हळूहळू खंगते. हे सारे डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती फक्त शांतता. झोपेच्या औषधाच्या इतिहासातील मूळ फसगत हीच आहे. गुंगी बाहेरून झोपेसारखी दिसते, आणि झोप लागली की औषध लागू पडले असे आपण समजतो.

क्लोरल, ब्रोमाइड आणि साठत जाण्याचे गणित

निव्वळ झोपेसाठी वापरात आलेले पहिले कृत्रिम रसायन म्हणजे क्लोरल हायड्रेट. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३२ मध्ये ते बनवले. १८६९ मध्ये बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइश यांनी ते झोपेसाठी दिले. शरीरात त्याचे क्लोरोफॉर्म होत असावे, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क चुकीचा निघाला, पण रुग्ण मात्र झोपले. अफूपेक्षा हे बरे, असा बोलबाला झाला, आणि काही वर्षांतच क्लोरलचे व्यसन लागलेले रुग्णही दिसू लागले.

त्याच काळात ब्रोमाइडचे क्षार लोकप्रिय झाले. प्रारंभी ते अपस्मारासाठी दिले जात, पुढे 'मज्जातंतू शांत करणारे' म्हणून घरोघरी पोहोचले. ब्रोमाइडचा दोष समजून घ्यायला थोडे गणित पुरते, आणि विद्यार्थ्यांनी ते स्वतः करून पाहावे. किरणोत्सारी अणूंच्या संदर्भात आपण 'अर्धायुष्य' हा शब्द शिकतो. औषधांनाही तोच नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. ब्रोमाइडचे शरीरातील अर्धायुष्य सुमारे १२ दिवसांचे. म्हणजे आज घेतलेल्या मात्रेचा निम्मा भाग बारा दिवसांनंतरही अंगात शिल्लक. रोज एक मात्रा घेत राहिल्यास साठा वाढत जातो आणि अखेरीस रोजची आवक व रोजची जावक समसमान होते, तिथे तो स्थिरावतो. ही पातळी किती? अर्धायुष्याला ०.६९३ ने भागावे : १२ भागिले ०.६९३, म्हणजे सुमारे १७. रोज एकच मात्रा घेणाऱ्याच्या शरीरात दोनेक महिन्यांनी सतरा मात्रा मुक्कामाला असत. मग बोलणे अडखळणे, विसराळूपणा, भ्रम, अंगावर पुरळ. कित्येकांना वेड लागले असे समजून मनोरुग्णालयात धाडले गेले, आणि तिथे त्यांना शांत करण्यासाठी पुन्हा ब्रोमाइडच दिले जाई.

बार्बिट्युरेट : अरुंद कठडा

१८६४ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी बार्बिट्युरिक आम्ल तयार केले. १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी त्याच कुळातील बार्बिटाल हे झोप आणणारे द्रव्य जगापुढे ठेवले. 'व्हेरोनाल' या नावाने ते विकले गेले. १९१२ मध्ये फिनोबार्बिटाल आले, जे अपस्मारावरील औषध म्हणून आजही उपयोगी आहे. ब्रोमाइडची खारट चव नाही, क्लोरलचा उग्र वास नाही. लहानशी, नेमक्या मात्रेची गोळी. पुढची अर्धी शतकभर झोपेची गोळी म्हणजे बार्बिट्युरेट, असेच समीकरण होते.

त्यांचा धोका वेगळा होता. झोप आणणारी मात्रा आणि श्वास थांबवणारी मात्रा यांत पुरेसे अंतर नव्हते. त्यात सवयीने शरीर निर्ढावते. झोपेसाठी अधिक मात्रा लागू लागते, पण श्वसनकेंद्राची सहनशक्ती त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणजे कड्याच्या टोकाकडे पावले पडत राहतात, आणि कठडा मात्र तिथल्या तिथेच. सोबत मद्य असेल तर तो कठडाही उरत नाही, कारण मद्यही मेंदूच्या त्याच यंत्रणेला दाबते. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रो यांचा झोपेच्या औषधांनी मृत्यू झाला. १९६४ मध्ये मुंबईत, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, गुरुदत्त गेले. त्यांच्या मृत्यूचे कारण म्हणून मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांचा संयोग नोंदला गेला. ही गाजलेली नावे. ज्यांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत, त्यांची संख्या कितीतरी मोठी.

दिल्ली, मुंबई, लखनौ

या इतिहासात भारत केवळ औषध घेणारा देश नव्हता. हिंदूरावहून काही मैलांवर, करोलबागेत हकीम अजमलखान यांनी उभारलेले तिब्बिया महाविद्यालय आहे. १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथल्या संशोधन विभागात सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळांचे रासायनिक पृथक्करण केले आणि १९३१ मध्ये त्यातील एका द्रव्याला आपल्या आश्रयदात्याच्या स्मरणार्थ 'अजमलीन' हे नाव दिले. उत्तर भारतात सर्पगंधा 'पागल की दवा' म्हणून ओळखली जाई. तिने क्षुब्ध माणूस शांत होतो आणि झोपतो, हे परंपरेला ठाऊक होते. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरील तिच्या परिणामांविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयविज्ञानविषयक नियतकालिकात आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हा जगाचे लक्ष या मुळाकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसर्पिनने मानसोपचाराला नवे दार उघडले. पण त्याच दशकात, ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या मनात खोल उदासी उतरल्याच्या नोंदीही होऊ लागल्या. शतकानुशतके वापरात असलेली वनस्पतीसुद्धा, मात्रा आणि मुदत बदलली की नवे प्रश्न उभे करते. 'झाडपाल्याचे आहे, अपाय नाही' असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये.

दुसरी कथा अधिक चटका लावणारी आहे. १९५१ मध्ये इंद्रकिशोर कक्कर आणि सय्यद हुसेन झहीर हे भारतीय रसायनशास्त्रज्ञ हिवतापावरील औषधाच्या शोधात होते. हेच झहीर पुढे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक झाले. त्यांनी घडवलेल्या रेणूंपैकी एक म्हणजे मेथाक्वालोन. १९५५ मध्ये गुजराल, सक्सेना आणि तिवारी यांनी या कुळातील द्रव्ये गाढ झोप आणतात असे दाखवून दिले. बार्बिट्युरेटची भीती पसरलेली असताना 'बार्बिट्युरेट नसलेली' झोपेची गोळी मिळणे ही पर्वणीच होती. ब्रिटनमध्ये ती 'मँड्रॅक्स', अमेरिकेत 'क्वालूड' या नावाने गेली आणि १९७०च्या दशकात नशेची गोळी म्हणून कुप्रसिद्ध झाली. १९८४ मध्ये अमेरिकेने तिला वैद्यकीय उपयोग नसलेल्या द्रव्यांच्या वर्गात टाकले. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात ती मनःप्रभावी पदार्थांच्या यादीत आहे. तरीही २०१६ मध्ये राजस्थानातील उदयपूरजवळ महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने मँड्रॅक्सचा तब्बल २३ टनांहून अधिक साठा पकडला. हिवतापाविरुद्ध आरंभलेल्या एका प्रामाणिक प्रयोगाची ही परिणती. रेणूला हेतू नसतो. हेतू आणि मर्यादा त्याच्याभोवती माणसांनी उभ्या करायच्या असतात.

ज्या गोळीने कायदे बदलले

'निर्धोक' हा शब्द सर्वांत महाग पडला तो थॅलिडोमाइडच्या बाबतीत. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे आणि शांततेचे औषध म्हणून ते बाजारात आले. प्रयोगातील प्राण्यांना कितीही दिले तरी ते मरत नसत. बार्बिट्युरेटच्या तुलनेत हा गुण विलक्षण वाटला. इतके विलक्षण, की तिथे ते चिठ्ठीविना विकले जाऊ लागले आणि गर्भवती स्त्रियांनाही सुचवले गेले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले, तोवर जगभर दहा हजारांहून अधिक बालके जन्मजात व्यंगे घेऊन आली होती. कित्येकांचे हातपाय वाढलेच नव्हते. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या औषध-प्रशासनातील अधिकारी स्त्रीने पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी रोखून धरली होती आणि त्यामुळे तो देश मोठ्या प्रमाणात वाचला. १९६२ मध्ये तिथला औषधकायदा कठोर झाला आणि इतर देशांनीही आपापले नियम तपासले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यायचा धडा नेमका आहे. थॅलिडोमाइड सुरक्षित आहे हा निष्कर्ष 'याने श्वास थांबतो का?' या एका प्रश्नाच्या उत्तरावर बेतलेला होता. ते उत्तर खरेच होते. जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्यात अपाय दडलेला होता. सुरक्षितता हा पदार्थाचा वस्तुमानासारखा अंगभूत गुणधर्म नव्हे. ती नेहमी कोणासाठी, किती, किती काळ आणि कशासोबत या प्रश्नांना जोडलेली असते.

मावशीच्या गोळीचे कूळ

मावशीची गोळी ज्या कुळातली, ते बेन्झोडायझेपिनचे कूळ लिओ स्टर्नबाख यांच्या प्रयोगशाळेतून आले. १९६० मध्ये लिब्रियम, १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम, बाजारात आले. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, लोराझेपाम ही त्यांची पुढची भावंडे.

ही औषधे बार्बिट्युरेटपेक्षा खरोखरच सुरक्षित होती, आणि त्याचे कारण सुंदर आहे. मेंदूत 'गॅबा' नावाचे रसायन चेतापेशींना शांत करते. ते पेशीच्या पटलावरील एका दारावर टकटक करते, दार उघडते, क्लोराइडचे आयन आत जातात आणि पेशी मंदावते. मोठ्या मात्रेतले बार्बिट्युरेट हे दार गॅबाची वाट न पाहता स्वतःच उघडते. बेन्झोडायझेपिन तसे करत नाही. गॅबाने टकटक केली तर दार अधिक वेळा उघडेल, एवढीच मदत ते करते. म्हणजे परिणामाला शरीराने स्वतःच घातलेली एक मर्यादा राहते. मात्र सोबत मद्य किंवा अफूच्या कुळातील वेदनाशामक औषध असेल, तर ही मर्यादा मोडते आणि श्वास धोक्यात येतो.

याशिवाय काळाचाही प्रश्न होता. रोज रात्री बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू आपली व्यवस्था तिला जुळवून घेतो आणि स्वतःची शांत होण्याची शक्ती आखडती घेतो. मग गोळी एकदम थांबवली तर आवर घालणारे कोणीच उरत नाही : झोप पूर्वीपेक्षा वाईट उडते, थरथर, घाम, घबराट, काहींना तर झटकेही येतात. साध्या, लिहून दिलेल्या मात्रेतही असे होते, हे मान्य व्हायला दोनेक दशके गेली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नयेत असा सल्ला दिला. १९९१ मध्ये अमेरिकेतील वार्धक्यतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी आखली. तिच्या आजच्या सुधारित रूपात हे सबंध कूळ आहे.

वृद्धांना का नको, हे पुन्हा अर्धायुष्याने कळते. तरुण शरीरात अल्प्राझोलामचे अर्धायुष्य साधारण ११ तास, वृद्धांत ते सरासरी १६ तासांपर्यंत जाते. मावशी रात्री अकराला गोळी घेई आणि पहाटे साडेचारला उठे. मधले तास साडेपाच. या आकड्यांनी हिशेब केला तर त्या वेळी औषधाचा सत्तर ते ऐंशी टक्के भाग अंगात शिल्लक असणार. झोप संपली होती, गोळी संपली नव्हती. ओल्या फरशीवर पाय ठेवताना तोल सावरणारा मेंदू अर्धवट गुंगीत होता. डायझेपामचे तर अर्धायुष्य दोन दिवसांपर्यंत असू शकते, आणि शरीरात त्यापासून बनणारे द्रव्य त्याहूनही अधिक टिकते. रोज घेतल्यास तेही ब्रोमाइडसारखे साठत जाते.

पुढे झोल्पिडेमसारखी अल्पजीवी औषधे आली. त्यांचे अर्धायुष्य दोन-तीन तासांचेच. इथेही कथा थांबली नाही. स्त्रियांच्या रक्तात सकाळी त्याचे प्रमाण अधिक उरते आणि वाहन चालवणे धोक्याचे ठरते, हे ध्यानी आल्यावर २०१३ मध्ये अमेरिकी औषध-प्रशासनाने स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा निम्म्यावर आणली. झोपेतच चालणे, स्वयंपाक करणे, गाडी काढणे अशा प्रकारांमुळे २०१९ मध्ये सर्वांत कडक इशारा वेष्टनावर आला.

चिठ्ठीचा अर्थ

आपल्याकडे १९४५ च्या औषध नियमांतील 'अनुसूची एच' ही चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांची यादी. २०१३ मध्ये तिला 'एच-१' ही अधिक कडक यादी जोडली गेली आणि १ मार्च २०१४ पासून ती लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम तिच्यात आहेत. यांची विक्री करताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची. दिल्लीच्या त्या विक्रेत्याने एका अनोळखी म्हातारीला नकार दिला तो निष्ठुरपणाने नव्हे.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. गोळी वाईट नव्हती आणि चांगलीही नव्हती. ती पंधरा दिवसांची होती. शोकाच्या पहिल्या पंधरवड्यात तिने आपले काम केले. उरलेल्या आठ वर्षांसाठी ती कोणी दिलीच नव्हती.

म्हणून झोपेची गोळी हाती येईल तेव्हा डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. किती दिवसांसाठी? थांबवायची कशी? माझ्या इतर औषधांसोबत चालेल का? विचारताना सर्दीच्या, ॲलर्जीच्या आणि वेदनेच्या गोळ्याही सांगाव्यात. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, गर्भारपण, मद्यपान यांपैकी काहीही लपवू नये. गोळी घेतल्यावर लगेच अंथरुणावर जावे आणि पुरेशी झोप होण्याइतके तास हाताशी असावेत. सकाळी डोके जड असेल तर वाहन चालवू नये. एका रात्री झोप लागली नाही म्हणून आपल्या मनाने दुसरी गोळी घेऊ नये. आपली गोळी शेजाऱ्याला देऊ नये, मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. आणि वर्षानुवर्षे घेत असाल तर हा लेख वाचून उद्यापासून बंद करू नये. मी मावशीला दिलेला सल्ला हा या लेखातील सर्वांत धोकादायक सल्ला होता.

निद्रानाश महिनोन्‌महिने टिकला असेल, तर पहिला उपचार गोळी नसून झोपेच्या सवयी व विचार बदलणारी वर्तनचिकित्सा असावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१६ मध्ये केली आहे. निद्रानाशामागे पुष्कळदा नैराश्य असते. जगणे नकोसे वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर शासकीय मदत विनामूल्य मिळते.

मावशीची गोळी सुटायला दहा महिने लागले. डॉक्टरांनी मात्रा अगदी थोडी थोडी कमी केली. मध्ये दोनदा थांबावे लागले. कागलला तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर प्रत्येक रात्रीची नोंद ठेवली. आता ती साडेपाच तास झोपते आणि त्याबद्दल तक्रार करते. परवा फोनवर सांगत होती, शेजारच्या काकूंनाही तसलीच पट्टी सुरू झाली आहे. मी काळजीने विचारले, "मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? एवढंच विचारलं, किती दिवसांची सांगितलीय? तिला ठाऊक नव्हतं. मग म्हटलं, चल, उद्या दोघी जाऊन विचारून येऊ."